नावे राखणाऱ्या वह्या

शास्त्रभाग : एज्रा २:५९-६३, एज्रा ६:१-५, यिर्मया ३६





एज्राच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय उपासनेत क्वचितच वाचला जातो. बाबेलच्या बंदिवासातून परत आलेल्यांची ती यादी आहे. नावामागून नाव, आकड्यामागून आकडा. पण यादीच्या शेवटाकडे एक दुःखाची गोष्ट आहे. दलाया, तोबीया आणि नकोदा यांच्या वंशातल्या ६५२ माणसांना आपण इस्राएलातले आहोत हे दाखवता आले नाही. याजकांपैकीही काही घराण्यांनी आपल्या वंशावळीची नोंद शोधली, ती मिळाली नाही. म्हणून त्यांना याजकपणापासून दूर ठेवले. उरीम व थुम्मीम धारण करणारा याजक उभा राहीपर्यंत थांबा, असे अधिपतीने त्यांना सांगितले.

या माणसांनी काही पाप केले होते असे वचन सांगत नाही. ती इतरांसारखीच बंदिवासात राहिली, इतरांसारखीच चालत परत आली. त्यांचा कागद तेवढा हरवला होता.

त्याच पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात याच्या उलट घडते. यरुशलेमातल्या मंदिराचे काम विरोधकांनी अडवले. कोरेश राजाने परवानगी दिली होती हे खरे, पण दाखला कुठे होता? दारयावेश राजाने बाबेलच्या दप्तरखान्यात शोध करायला लावला. शेवटी तो लेख मेदी प्रांतातल्या राजवाड्यात, शेकडो मैलांवर, सापडला आणि मंदिर पुरे झाले. एके ठिकाणी नसलेला कागद दुसऱ्या ठिकाणी होता, म्हणून देवाच्या घराचे काम पुढे सरकले.

या दोन अध्यायांच्या प्रकाशात आज आम्हांला एका रुक्ष वाटणाऱ्या विषयावर लिहायचे आहे. मंडळीच्या, मिशनच्या, दवाखान्याच्या आणि शाळेच्या जुन्या बांधीव वह्या, आणि त्यांच्या प्रती राखण्यासाठी मागच्या शतकात जगभर झालेले मायक्रोफिल्मचे काम. उदाहरण म्हणून धार आणि देवास ही दोन गावे समोर ठेवतो.

दोन गावे, अनेक दप्तरे

धार आणि देवास आज मध्य प्रदेशात आहेत, पण अठराव्या शतकापासून १९४८ पर्यंत तिथे पवार घराण्याचे राज्य होते. त्यामुळे माळव्याच्या मातीत मराठी माणूस आणि मराठी कागद दोन्ही रुजले. देवासचा प्रकार तर जगावेगळा. तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांपासून थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने झाली. गाव एक, राजे दोन, दरबार दोन आणि दप्तरेही दोन. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव यांचे खासगी चिटणीस होते. त्यांनी तिथून घरी पाठवलेली पत्रे जपली गेली, आणि १९५३ मध्ये त्यांतून ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक झाले. देवासच्या वाड्यातले रोजचे जगणे आज वाचायला मिळते ते सातासमुद्रापलीकडे गेलेल्या पत्रांमुळे.

संस्थाने १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाली, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेश राज्य झाले. कारभार बदलला की दप्तर हलते. दप्तर हलले की रुमाल सुटतात, वह्या पोत्यांत जातात, आणि काही कागद वाटेतच राहतात. हे सरकारचे झाले. मंडळीचेही काही निराळे नाही.

माळव्यात कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मंडळीचे काम १८७७ साली इंदूर आणि महू इथे सुरू झाले. जे. एम. डग्लस आणि जे. फ्रेझर कॅम्बेल हे पहिले मिशनरी पाळक. त्यांच्याबरोबरीने मॅरियन फेअरवेदर आणि मार्गारेट रॉजर या दोन स्त्रियाही होत्या. १८९० च्या दशकात धारला केंद्र उघडले. तिथे डॉ. मार्गारेट ओहारा यांनी दवाखान्याचे काम उभारले. १८९१ मध्ये भारतात आलेल्या ओहाराबाई १९२७ पर्यंत सेवेत होत्या. १९३१ साली त्यांच्या आठवणींचे ‘लीफ ऑफ द लोटस’ हे पुस्तक निघाले.

अशा मिशनमागे किती वह्या असत, याचा आपण सहसा विचार करत नाही. बाप्तिस्म्याची नोंदवही, विवाहाची, दफनाची. सेशनच्या आणि प्रेस्बिटेरीच्या सभांचे इतिवृत्त. दवाखान्यात आलेल्यांची नोंद, शाळेचे जनरल रजिस्टर, अनाथालयाची वही, हिशेबाची कीर्द आणि खतावणी. जाड पुठ्ठा, पाठीला चामडे किंवा कापड, आत रेघांचा कागद आणि काळ्या शाईतले गोल अक्षर. एका वहीत वीसवीस, तीसतीस वर्षे मावत.

मग मंडळ्यांचे रूपही बदलत गेले. १९२४ मध्ये उत्तर हिंदुस्थानची संयुक्त मंडळी झाली. १९२५ मध्ये कॅनडात युनायटेड चर्च स्थापन झाले आणि तिकडची प्रेस्बिटेरियन मंडळी दोन भागांत विभागली. माळव्यातले मुख्य काम युनायटेड चर्चकडे गेले. भिल्ल भागातले आणि झाशीचे काम प्रेस्बिटेरियन राहिलेल्यांकडे. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. म्हणजे धारच्या आसपासच्या एखाद्या ख्रिस्ती कुटुंबाच्या चार पिढ्यांचा माग काढायचा, तर थोडे कागद स्थानिक मंडळीत, थोडे धर्मप्रांताच्या कचेरीत आणि थोडे टोरांटोत शोधावे लागतात. टोरांटोतही दोन ठिकाणी. देवासच्या दोन पात्यांची आठवण व्हावी असाच हा प्रकार.

एका ओळीची किंमत

१८९९-१९०० चा दुष्काळ माळव्यात ‘छप्पनिया’ म्हणून लोकांच्या तोंडी राहिला, कारण विक्रम संवत १९५६ चे ते साल. त्या वर्षी मिशनच्या केंद्रांत अनाथ मुले मोठ्या संख्येने आली. कोणाचे आईवडील गेलेले, कोणाला गाव सांगता येत नव्हते, कोणाला स्वतःचे वयही ठाऊक नव्हते.

अशा मुलासाठी नोंदवहीतली एक ओळ काय असते, याचा विचार करा. नाव, अंदाजे वय, कुठून आले, कोणी आणले. घर नाही, जमिनीचा उतारा नाही, नातेवाईक नाहीत. पुढे ते मूल मोठे होते, लग्न करते, शिक्षक किंवा परिचारिका होते, त्याची नातवंडे आज भोपाळला, पुण्याला किंवा परदेशात असतात. त्या नातवंडांना आपल्या पूर्वजाविषयी मिळण्यासारखी सर्वांत जुनी गोष्ट म्हणजे ती एक ओळ. ती वाळवीने खाल्ली तर त्या घराण्याची आठवण तिथेच संपते. एज्राच्या यादीतल्या त्या याजकांसारखे ते शोधायला येतात आणि रिकाम्या हाताने परत जातात.

इथे एक कडवट सत्यही सांगायला हवे. ब्रिटिश अमलात चॅप्लनांनी आपल्याकडच्या बाप्तिस्म्याच्या, विवाहाच्या आणि दफनाच्या नोंदींच्या नकला ठरावीक मुदतीने इलाख्याच्या ठिकाणी पाठवायच्या आणि तिथून त्या लंडनला जायच्या, अशी व्यवस्था होती. मद्रास इलाख्याच्या अशा नोंदी १६९८ पासून, मुंबईच्या १७०९ पासून आणि बंगालच्या १७१३ पासून लंडनमध्ये बांधून ठेवलेल्या आहेत. पुढे त्यांचे मायक्रोफिल्म झाले, आणि २०१४ पासून त्या संगणकावरही पाहायला मिळतात. पण त्या प्रामुख्याने युरोपियन आणि अँग्लो-इंडियन माणसांच्या आहेत. महूच्या छावणीत जन्मलेल्या गोऱ्या शिपायाच्या लेकराचे नाव महूत, इलाख्यात आणि लंडनला लिहिले गेले. दुष्काळात आलेल्या भिल्ल मुलीचे नाव एकाच वहीत.

देवाच्या दृष्टीने दोघांचा बाप्तिस्मा सारखा. माणसांच्या दप्तरात मात्र एकाच्या तीन प्रती आणि दुसरीची एक. हा भेद आपण केला नाही, पण तो पुसण्याचे काम आपल्या वाट्याला आले आहे.

विवाहाच्या बाबतीत तरी कायद्याचा आधार आहे. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लग्न लावणाऱ्या पाळकाने नोंदवही ठेवायची आणि नोंदींच्या प्रती सरकारी निबंधकाकडे पाठवायच्या. त्या कायद्यात बाप्तिस्म्याची गोष्ट नाही. सभांच्या इतिवृत्ताची नाही, अनाथालयाच्या वहीचीही नाही. त्यांची दुसरी प्रत कोणी मुद्दाम केली तरच असते.

फिल्मवर वही कशी उतरते

मायक्रोफिल्म म्हणजे कागदाचा अगदी बारीक केलेला फोटो. कल्पना जुनी आहे. १८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला तेव्हा कबुतरांच्या शेपटीला बांधून असे चिमुकले फोटो शहरात पाठवले गेले. विसाव्या शतकात बँका, ग्रंथालये आणि अभिलेखागारे यांनी हे तंत्र उचलले.

सुट्या कागदाचे काम सोपे. बांधीव वहीचे अवघड. वही मधोमध उघडली की शिवणीजवळ पान वळते आणि तिथली अक्षरे खोलात जातात. जोराने दाबले तर पाठ मोडते. म्हणून वही एका खास पाळण्यात ठेवतात. डाव्या आणि उजव्या बाजूला वरखाली होणाऱ्या दोन फळ्या असतात. वहीची सुरुवात असो की शेवट, दोन्ही पाने एका पातळीत येतात आणि वरून काच हलकेच टेकते. कॅमेरा वरती, भिंग खाली, दोन्हीकडून सारखा प्रकाश. माणूस पान उलटतो, कळ दाबतो, पुन्हा पान उलटतो. ३५ मिलिमीटरच्या, सुमारे तीस मीटर लांबीच्या एका रिळावर साधारण सहाशे फोटो मावतात.

या कामाचे नियम वाचताना आम्हांला त्यात प्रामाणिकपणाचे वळण दिसले. रिळाच्या पहिल्या चौकटीवर वहीचे नाव, संस्था आणि वर्षे लिहिलेली पाटी घेतात. कोरे पानही घेतात, नाहीतर पुढच्या वाचकाला वाटेल की काही लपवले. पान फाटलेले किंवा गहाळ असेल तर तसे लिहिलेले कार्ड ठेवून त्याचाही फोटो घेतात. फोटो घेणाऱ्याने काही सुधारायचे नाही, सुशोभित करायचे नाही. जे आहे ते, आणि जे नाही तेही, तसेच दाखवायचे.

फिल्म धुतल्यावर तिच्यावर रसायनाचा अंश राहिला आहे का हे तपासतात, कारण तो राहिला तर चित्र हळूहळू उडते. मग तीन पिढ्या करतात. मूळ निगेटिव्ह थंड, कोरड्या जागी कुलपात. तिच्यावरून केलेली दुसरी, पुढच्या प्रती काढण्यासाठी. तिसरी वाचकांच्या हातात देण्यासाठी. मूळ प्रत वाचनाला कधीच काढत नाहीत, आणि ती इतरांपासून दूर, दुसऱ्या इमारतीत असली तर उत्तम. जुन्या अॅसिटेट फिल्मला दमट हवेत आंबूस, सिरक्यासारखा वास येऊ लागतो आणि ती आकसते. पॉलिएस्टरची चांदीयुक्त फिल्म नीट धुतली आणि नीट ठेवली तर पाचशे वर्षे टिकेल असे जाणकार धरतात. ती वाचायला ना सॉफ्टवेअर लागते ना पासवर्ड. उजेड आणि भिंग पुरे.

दुसऱ्या प्रतीने काय वाचवले

आपल्याच किनाऱ्यावरचे उदाहरण गोव्याचे. १५९५ साली तिथे अभिलेखागार स्थापन झाले आणि इतिहासकार दियोगु दु कोतु पहिले रक्षक झाले. पावसाळी वाऱ्यांवर येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांतून राजा आणि व्हाइसरॉय यांच्यात जो पत्रव्यवहार चाले, तो ‘मान्सूनची पुस्तके’ म्हणून बांधून ठेवला गेला. १७५५ च्या भूकंपात लिस्बनमध्ये हिंदुस्थानच्या व्यापाराचा कारभार पाहणाऱ्या कचेरीचे दप्तर नष्ट झाले. मायदेशी जे गेले त्यातले पुष्कळ गोव्यात उरले होते. पुढे १९५० च्या दशकात आन्तोनियु दा सिल्व्हा रेगु या धर्मगुरू-इतिहासकाराच्या देखरेखीखाली गोव्याच्या कागदांचे मायक्रोफिल्म घेऊन ते लिस्बनला ठेवण्यात आले. मूळ ग्रंथ पणजीत राहिले. १९६१ मध्ये गोवा स्वतंत्र झाल्यावरही दोन्हीकडच्या अभ्यासकांना तोच कागद वाचता येतो.

पण गोव्याची दुसरी गोष्टही आहे आणि ती ख्रिस्ती लोकांनी टाळू नये. तिथले इन्क्विझिशन १५६० मध्ये सुरू झाले आणि १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. बंद झाल्यावर खटल्यांचे बहुतेक कागद नष्ट करण्यात आले. ज्यांना छळले त्यांची बाजू, त्यांची जबानी, सारे गेले. तरीही सगळे पुसता आले नाही. जुआंव देल्गादु फिगेइरा या इन्क्विझिशनच्याच अधिकाऱ्याने १६२३ मध्ये ३८०० खटल्यांची सूची तयार केली होती. ती बांधीव सूची लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. माणसांची नावे, त्यांच्यावरचे आरोप, त्यांना झालेल्या शिक्षा त्यात आहेत. ज्यांच्यावर अन्याय झाला ती माणसे केवळ त्या सूचीमुळे आज आपल्याला नावाने ठाऊक आहेत.

इथे यिर्मयाचा ३६ वा अध्याय आठवल्यावाचून राहत नाही. बारूखाने यिर्मयाच्या तोंडून ऐकून गुंडाळी लिहिली. ती यहोयाकीम राजापुढे वाचली गेली. हिवाळा होता, शेगडी पेटलेली होती. राजाने तीनचार स्तंभ वाचून होताच चाकूने ते कापून विस्तवात टाकले, असे करत सारी गुंडाळी जाळली. काही सरदारांनी विनवले, पण त्याने ऐकले नाही. मग देवाने यिर्मयाला काय सांगितले? दुसरी गुंडाळी घे आणि तीच वचने पुन्हा लिही. बारूख पुन्हा बसला, पुन्हा लिहिले, आणि तशीच आणखी पुष्कळ वचने तिच्यात घातली गेली. आज आपल्या हातात जे यिर्मयाचे पुस्तक आहे, त्यामागे त्या नकलनविसाचे कष्ट आहेत. बारूख प्रचारक नव्हता, राजा नव्हता. तो लिहिणारा होता.

मराठी मंडळीचे उदाहरण अहमदनगरचे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईला पोचले, १८३१ मध्ये अहमदनगरला काम सुरू झाले. तिथून बोस्टनच्या मंडळाला गेलेली पत्रे आणि अहवाल तिकडे बांधून ठेवले गेले. आज ते हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. १९८० च्या दशकात त्या मंडळाच्या कागदपत्रांचे मायक्रोफिल्म प्रसिद्ध झाले, त्यामुळे अमेरिकेला न जाताही ते वाचण्याची सोय झाली. आपल्या पणजोबांच्या मंडळीविषयीचा एवढा मजकूर तिथे आहे, याबद्दल उपकार मानावे तेवढे थोडेच. पण ती पत्रे मिशनऱ्यांची आहेत. त्यांनी आपल्या लोकांविषयी लिहिलेले तिथे मिळते. आपल्या लोकांनी स्वतः लिहिलेले, पंचांच्या सभांचे मराठी इतिवृत्त, शिक्षकांचे अर्ज, स्त्रियांच्या सभेचा हिशेब, हे गावोगावच्या कपाटांत राहिले. बोस्टनला गेले ते वाचले. कपाटातल्याचे काय, ते आपण ठरवायचे आहे.

प्रत कोणाच्या हाती द्यावी

जगात मायक्रोफिल्मचे सर्वांत मोठे काम अमेरिकेतल्या यूटा वंशावळी संस्थेने केले. १९३८ पासून तिने देशोदेशीच्या नोंदवह्यांची छायाचित्रे घेतली. आपल्याकडे हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्याही त्यांत आल्या. सॉल्ट लेक सिटीजवळच्या ग्रॅनाइटच्या डोंगरात खोदलेल्या तिजोरीत चोवीस लाखांच्या आसपास रिळे ठेवली आहेत. २०२१ मध्ये त्यांचे संगणकीकरण पुरे झाले. काम थोर आहे आणि लाखो कुटुंबांना त्याचा उपयोग झाला आहे.

तरी एक प्रश्न उभा राहिला. ही संस्था मॉर्मन मंडळीची. मृतांच्या नावाने जिवंत माणसाने बाप्तिस्मा घेण्याची त्यांची रीत आहे. त्यासाठी पॅरिशच्या नोंदवह्यांतली नावे वापरली जाऊ नयेत म्हणून २००८ च्या एप्रिलमध्ये व्हॅटिकनच्या धर्मगुरूंविषयीच्या खात्याने बिशपांना कळवले की आपल्या नोंदवह्या या संस्थेला देऊ नयेत. हा वाद कसा सोडवावा यावर मते वेगवेगळी असतील. पण प्रश्न विचारण्यासारखा आहे. आजीचे नाव वहीत आहे, ती वही मंडळीच्या ताब्यात आहे, आणि आजी आता बोलू शकत नाही. तिच्या नावाचे काय करायचे हे कोणी ठरवावे? वही राखणारा मालक नसतो, कारभारी असतो. ‘माझ्या कपाटात आहे म्हणून माझे’ असे म्हणता येत नाही, आणि ‘जुने झाले, कोणीही घ्या’ असेही नाही.

सेशनच्या इतिवृत्तात लोकांच्या चुका, भांडणे, शिस्तीचे निर्णय असतात. मध्य प्रदेशात तर धर्मांतराविषयी १९६८ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये कायदे झाले आहेत, त्यामुळे बाप्तिस्म्याची वही हा नाजूक कागद आहे. प्रत काढणे वेगळे, ती चव्हाट्यावर मांडणे वेगळे. हयात माणसांच्या नोंदी फेसबुकावर टाकणे हे जतन नव्हे. प्रीती पापांची रास झाकते, असे पेत्र सांगतो. राखणदारानेही तेवढी प्रीती ठेवावी.

दुसरा धडा अमेरिकेतल्या ग्रंथालयांचा. फिल्म झाली म्हणून त्यांनी वर्तमानपत्रांचे बांधलेले मूळ खंड कापले, विकले, टाकून दिले. निकल्सन बेकर यांनी २००१ साली ‘डबल फोल्ड’ या पुस्तकात त्याबद्दल कडक टीका केली. फोटो नीट आलेला नाही हे काही ठिकाणी नंतर कळले, तोवर मूळ हातचे गेले होते. तेव्हा प्रत झाली तरी वही ठेवायचीच. प्रतीमुळे वहीला विश्रांती मिळते, ती रोज हाताळली जात नाही, एवढाच अर्थ घ्यावा.

आपल्या मंडळीत काय करता येईल

धार असो, देवास असो, की महाराष्ट्रातली एखादी लहान मंडळी, बहुतेक ठिकाणी मायक्रोफिल्मचा कॅमेरा मिळणार नाही. पण पहिले काम कॅमेऱ्याचे नाहीच.

आधी कोणत्या वह्या आहेत याची यादी करा: नाव, पहिले आणि शेवटचे वर्ष, भाषा, अवस्था. यादीची एक प्रत पास्टरेट कमिटीच्या इतिवृत्तात लावा, म्हणजे पाळक बदलले तरी वह्या कोणत्या हे ठाऊक राहील.

वह्या जमिनीपासून आणि भिंतीपासून दूर, लोखंडी कपाटात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, आत ओल धरते आणि बुरशी येते. धुतलेले, बिनखळीचे सुती कापड बरे. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, काही वर्षांत ती पिवळी पडते आणि शाईसकट कागद नेते. लॅमिनेशन तर मुळीच नको. पावसाळ्यानंतर एकदा कपाट उघडून पाहा.

मग कमिटीची आणि धर्मप्रांताची परवानगी घेऊन फोटो काढा. मोबाइलनेही काम होते, पण फिल्मवाल्यांची शिस्त पाळा: पहिल्या फोटोत पाटी, प्रत्येक पान, कोरे पानसुद्धा, गहाळ पानाची चिठ्ठी. सूर्यप्रकाश थेट नको. वही पूर्ण सपाट करण्याचा हट्ट नको, खाली दोन्हीकडे उशा द्या. प्रती तीन ठिकाणी ठेवा, त्यांपैकी एक तरी दुसऱ्या गावात. हार्ड डिस्क दहा वर्षांत दगा देते, म्हणून ठरावीक वर्षांनी नवी प्रत करण्याचे काम एखाद्याच्या नावावर लावून द्या.

सर्वांत जुन्या, सर्वांत मोलाच्या वह्यांसाठी जाणकारांकडे जा. भोपाळला राष्ट्रीय अभिलेखागाराचे प्रादेशिक कार्यालय आहे. बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात ख्रिस्ती संस्थांच्या कागदपत्रांचे अभिलेखागार आहे. जुने अक्षर वाचता येणारी वयस्कर माणसे मंडळीत असतील तर त्यांना तरुणांशेजारी बसवा. नावांची सूची दोघे मिळून करतील. त्या बैठकीत जुन्या गोष्टी निघतील, त्याही लिहून घ्या.

देवाला वही लागत नाही

कोणी विचारेल, देवाला आपली नावे ठाऊक आहेत ना? मग एवढा खटाटोप कशाला? त्याने आपल्याला तळहातावर कोरले आहे असे यशया सांगतो. तुमची नावे स्वर्गात लिहिली आहेत म्हणून आनंद करा, असे प्रभूने शिष्यांना सांगितले. ती वही वाळवी खात नाही.

खरे आहे. विसर देवाला पडत नाही, तो आपल्याला पडतो. म्हणूनच अहरोनाने आत जाताना बारा वंशांची नावे उरपटावर वाहून न्यायची होती. लोकांची नावे छातीशी धरून देवापुढे उभे राहणे हे याजकाचे काम. आपण सर्व याजकांचे राष्ट्र आहोत असे आपण मानतो, तर हे काम आपल्याही वाट्याला येते. दुष्काळात आलेल्या अनाम मुलीची ती ओळ आज कोणीतरी छातीशी धरायला हवी.

आणि एज्राच्या यादीतल्या त्या घराण्यांची आशा संपली नव्हती हेही विसरू नये. याजक उभा राहीपर्यंत थांबा, असे त्यांना सांगितले होते. आपण विश्वास धरतो की तो महायाजक आला आहे, आणि ज्यांची नोंद कुठल्याही वहीत सापडत नाही त्यांनाही तो नावाने हाक मारतो. त्या हाकेवर भरवसा ठेवून, हातात आहेत तेवढ्या वह्या आपण राखू या.

प्रार्थना : हे प्रभो, ज्यांनी आमच्या आधी विश्वास धरला त्यांच्या नावांबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो. ज्यांची नावे आम्ही हरवली त्यांना तू विसरला नाहीस म्हणून तुझी स्तुती करतो. बारूखासारखे पुन्हा बसून लिहिण्याची चिकाटी आम्हांला दे, आणि जे आमच्या हवाली केले आहेस ते विश्वासूपणे पुढच्या पिढीच्या हाती देण्यास साहाय्य कर. येशूच्या नावात, आमेन.